डाव्या खांबामागचा आवाज

बस आगारात तिने एकवीस वर्षं माइकवरून गाड्या सोडल्या. "फलाट क्रमांक चारवरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे," एवढं साधं वाक्य, पण ती ते अशा काही लयीत म्हणायची की ज्याला कुठे जायचं नाही तोही पिशवी उचलून उभा राहायचा. आगारातले हमाल आणि ड्रायव्हर तिला 'अनाउन्सर' म्हणायचे. पुढे गल्लीतही तेच नाव रुळलं आणि चर्चमध्येही. चर्चच्या गायनमंडळात वरच्या पट्टीची ओळ तिची असायची, आणि उपासनेच्या मध्यावर एकटीने गायचं कडवंही तिचंच.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आवाजाची नस गाठीला चिकटलेली आहे, जीव वाचेल, आवाजाची खात्री देता येत नाही. जीव वाचला. आवाज उरला तो घोगरा, खरखरीत, चार हातांपलीकडे न पोहोचणारा. आगाराने तिला हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. तिथे विसरलेल्या छत्र्या, जेवणाचे डबे आणि चष्मे यांच्याशी फारसं बोलावं लागत नाही. लोक मात्र अजून तिला अनाउन्सरच म्हणायचे. कुणाच्या मनात काही नसायचं, जिभेला सवय झालेली. तिला मात्र दर वेळी बारीक काटा टोचायचा.

नवरा सुतार. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद, "मला तर काही फरक वाटत नाही बघ. आहे तो आवाज चांगला आहे." तो हे प्रेमानेच म्हणायचा, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात ती बटाटे सोलत बसली होती. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर नदीपलीकडच्या मंडळीबरोबर पन्नाशी उलटलेल्यांचा फुटबॉलचा सामना होता, दर वर्षी असतो तसा, आणि सामन्यानंतर दोन्हीकडच्या मिळून ऐंशी माणसांचं जेवण. कोंबडीचा रस्सा, उकडलेले बटाटे आणि पाव. रश्श्याचा ताबा तिच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजारणीकडे होता. तिला सगळे तोफकाकू म्हणत, अगदी तोंडावर. तिने खिडकीतून भाजीवाल्याला हाक मारली की पुढच्या चौकातला भाजीवालाही थांबतो, अशी तिची ख्याती.

"अगं, मीठ कोणी टाकलं या उद्याच्या मसाल्यात? मी टाकलं की तू टाकलंस?" तोफकाकूने विचारलं.

"मी नाही टाकलं काकू."

"काय? मोठ्याने बोल जरा!" म्हणता म्हणता काकूने जीभ चावली आणि उगाच पातेलं ढवळायला घेतलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे सराव सुरू झाला. पेटीवर मास्तर होते आणि ते एकटीचं कडवं आता नवीन आलेली नर्स गात होती. पोरगी जीव ओतून गात होती. वरचा सूरही छान लागत होता. अनाउन्सरचा हात बटाट्यावर थांबला. तिसऱ्या ओळीच्या आधी जिथे ती स्वतः श्वास चोरायची, तिथे तिने नकळत श्वास घेतला आणि तो तसाच छातीत धरून ठेवला. ओळ संपेपर्यंत. मग हळूच सोडला.

तोफकाकू हे बघत होती. तिला गप्प बसायची सवय नव्हती, पण त्या वेळी ती बसली. कडवं संपल्यावर म्हणाली, "उद्या मैदानावर तू गोलखांबाशी उभी राहणार की नाही?"

यामागेही एक कहाणी होती. सुतार हा टीमचा गोलकीपर. तरुणपणी रंधा मारताना लाकडाची कपची डाव्या डोळ्यात गेली, तेव्हापासून त्या बाजूचं त्याला धड दिसत नाही. तरी गोल सोडायला तयार नाही. मग लग्नानंतरच्या पहिल्याच सामन्यापासून ती डाव्या खांबामागे उभी राहून त्याला सांगायची, 'डावीकडून आला', 'पुढे हो', 'खाली, खाली!' अख्ख्या मैदानाचा कालवा कापून तिचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचायचा. गेली दोन वर्षं ती तिथे उभी राहिली नव्हती. एका वर्षी पाच गोल झाले, दुसऱ्या वर्षी सहा.

"उभी राहून काय करू? त्याला ऐकू जाणार आहे का?" ती म्हणाली.

"तुझं नाही जाणार. माझं जाईल," तोफकाकू म्हणाली. "मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तू मला सांग, मी त्याला सांगते. आहे काय त्यात?"

ती हसली आणि नको म्हणाली. मग संध्याकाळी जिना चढताना तिने स्वतःच काकूला थांबवलं. "दुपारी तीनला," एवढंच म्हणाली.

रविवारी उपासनेत ती नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर बसली. मंडळी गायला उभी राहिली की ती ओठ हलवायची. आवाज काढायची नाही. शेजारच्याला खरखर ऐकू गेली तर तो मान वळवून बघेल, आणि मग मुद्दाम बघायचं टाळेल, हे तिला नको असायचं. नर्सने कडवं म्हटलं. पुढच्या बाकावरच्या एका म्हातारबाबांनी डोळे पुसले. पूर्वी ते तिच्या गाण्यालाही असेच डोळे पुसायचे. आपल्याला हेवा वाटतोय हे तिला कळलं आणि देवाच्या घरात बसून हेवा वाटतोय याची लाज वाटली. पण हेवाही पुरता खरा नव्हता. नर्सचं काही हिसकावून घ्यावं असं तिला वाटत नव्हतं. तिला तिचंच हवं होतं.

तीन वाजता सामना सुरू झाला. बावीस माणसांत मिळून दात किती असतील यावर पाळकसाहेबांनी एक विनोद केला आणि शिट्टी वाजली. डाव्या खांबामागे ती उभी राहिली. तिला खेटून, पदर खोचून, तोफकाकू.

पहिली दहा मिनिटं घोळच झाला. तिने कानात "डावीकडून येतोय" म्हणावं आणि काकूने आधी विचारावं, "कोण? तो टकल्या?" तोवर चेंडू खांबाला लागून परत गेलेला असायचा. मग दोघींची लय जमली. ती एक शब्द बोलायची, काकू तोच शब्द मैदानावर फेकायची.

"डावीकडे!"

सुतार दचकला. त्याने वळून पाहिलं. एवढ्या मोठ्या आवाजाने तो दचकला की खांबामागे बायको उभी दिसल्याने, हे सांगता येणार नाही. पण तो डावीकडे झेपावला आणि चेंडू त्याच्या पोटात बसला.

"पुढे!" तो पुढे धावला. "खाली!" तो खाली पडला, आणि उठायला त्याला दोघांचा हात लागला. मधूनमधून काकू पदरचंही घालायची. "अहो, झोपलात काय? त्याच्या पायातून काढा!" नदीपलीकडच्या कर्णधाराने तक्रार केली की या बाईंमुळे आमचे लोक बिचकताहेत. रेफ्रीने नियमांचं पुस्तक आठवून पाहिलं आणि सांगितलं, मैदानाबाहेरच्या माणसाच्या आवाजावर नियम नाही.

शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत एक-एक गोल होता. मग आपल्या एका गड्याचा हात चेंडूला लागला आणि समोरच्यांना पेनल्टी मिळाली. मारायला आला तो टकल्याच. तासभर तिने त्याचं पाऊल पाहिलं होतं. तो बुटाचं टोक वळवतो त्याच्या उलट बाजूला मारतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं. ती काकूच्या कानाला लागली. "उजवीकडे मारणार."

"उजवीकडे मारणार!" तोफ कडाडली.

अख्ख्या मैदानाने ऐकलं. टकल्यानेही ऐकलं. त्याने पाय फिरवला आणि चेंडू डावीकडे सारला. सुतार इमानेइतबारे उजवीकडे झेपावला होता.

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि दोन्ही बाजूंचे लोक पोट धरून हसत सुटले. तोफकाकूने कपाळावर हात मारला. "अरे देवा, त्यालाही कान आहेत की!" सामना दोन-एकने गेला, पण जेवताना जिंकलेल्यांपेक्षा हरलेल्यांच्याच पंगतीत जास्त गलका होता. रस्सा दोनदा संपला. खारट होता हे कुणी म्हणालं नाही.

भांडी आवरताना मास्तर आत आले. पेटी वाजवणारा हा माणूस कमी बोलणारा. "बाई," ते म्हणाले, "दोन वर्षं विचारीन विचारीन म्हणतोय. तुमचा आवाज आता खालच्या पट्टीत बसेल. मंडळात खालची ओळ धरायला माणूस नाही. येता का?"

तिने हातातलं पातेलं पुसून पालथं घातलं. "मास्तर, राग मानू नका. खालची ओळ वाईट असते असं नाही. पण मी तिथे उभी राहिले की माझा कान वर जाईल. रोज जाईल."

"बरं," मास्तर म्हणाले. आग्रह केला नाही. दारातून मात्र वळून म्हणाले, "त्या कडव्यात तुम्ही श्वास चोरायच्या त्या जागी मला अजून थोडं थांबायची सवय आहे. नवीन मुलगी रागावते."

घरी आल्यावर सुतार गरम पाण्याच्या घमेल्यात पाय टाकून बसला. ती समोर स्टुलावर बसली. म्हणाली, "मास्तरांनी बोलावलं होतं. मी नाही म्हटलं." आणि तिला वाटलं, आता हा नेहमीचं म्हणणार.

सुतार पाण्याकडे बघत होता. "आज काकूने 'डावीकडे' म्हटलं ना," तो म्हणाला, "मी वळून पाहिलं. वाटलं होतं..." तो थांबला. "मी खोटं बोलत आलोय तुझ्याशी."

"काय खोटं?"

"फरक पडत नाही म्हणतो ते. माझा कारखाना आगाराच्या मागच्या भिंतीला लागून आहे, हे तुला माहीत आहे. दिवसभर तुझ्या गाड्या ऐकू यायच्या मला. साडेबाराची गाडी तू सोडलीस की मी डबा उघडायचो. आता तिथे ती मशीनमधली बाई बोलते. मी रेडिओ मोठा लावून ठेवतो. गिऱ्हाइकं ओरडतात, बंद करा म्हणून. मी नाही करत."

हे त्याने दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला आणखी वाईट वाटेल म्हणून."

"मला वाटायचं, मी एकटीच वेडी आहे," ती म्हणाली. "सगळ्यांचं चाललंय, माझंच अडलंय."

तिने घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि आपल्या घोगऱ्या आवाजात सुरुवात केली, "साडेबारा वाजताची गाडी, फलाट क्रमांक..." शब्द मध्येच फाटला. तिने त्याच्याकडे पाहिलं. "कशी वाटली?"

सुताराने मान हलवली. "नाही गं. तशी नाही."

मग ती रडली, अगदी मोकळी होऊन, पहिल्यांदाच त्याच्यासमोर. त्याने समजूत घातली नाही. ओल्या पायांनी उठून तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला. घमेल्यातलं पाणी निवेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.