खलीलभाईंचा खडू

घर विकायचं ठरल्यावर माणूस आधी रंगारी बोलावतो. आमच्या खलीलभाईंनी पिवळा खडू विकत आणला आणि स्वतःच्याच घराच्या खोटी काढायला बसले.

मी कमळा. कोन गावाजवळच्या आमच्या ‘निवांत’ संकुलाची सेक्रेटरी. संकुल ज्येष्ठांसाठी बांधलेलं, पंचावन्नच्या आतल्या माणसाला इथे घर घेता येत नाही. न्हाणीघरात धरायला दांड्या, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे, आणि जागा रस्त्यापासून एवढी आत की ट्रकचा हॉर्नसुद्धा पोचत नाही. मी तीस वर्षं सरकारी कचेरीत दाखल्यांच्या खिडकीवर काढली, त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि धीर कमी. खलीलभाई आणि जाहिदाभाभी माझ्या समोरच्या दारात राहत.

खलीलभाईंची सारी नोकरी नारपोलीत, एका पॉवरलूमच्या कारखान्यात, कापड तपासण्याची. लूमवरून उतरलेला ताका टेबलावर पसरायचा, उजेडात धरायचा आणि तुटलेली तार, तेलाचा डाग, विरळ पट्टा दिसला की तिथे खडूची रेघ ओढायची. खोट असलेला माल खोट दाखवूनच विकायचा, यात त्यांनी कुणाचं ऐकलं नाही, मालकाचंही नाही. “बेचाळीस वर्षांत माझ्या टेबलावरून एक खोट सुटली नाही, कमळाताई,” हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकायचे. दुसऱ्या कुणी एवढी बढाई मारली असती तर मी तिथल्या तिथे त्याची जिरवली असती. पण हे खरं होतं.

मग एवढं छान घर विकायचं कशाला? तर जाहिदाभाभींना झोप लागत नव्हती.

त्या एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन नारपोलीत आल्या, त्या लूमच्या वरच्या खोलीत. खाली रात्रंदिवस खटखट. वीज गेली की लूम बंद पडायचे आणि शांततेने सगळी गल्ली दचकून जागी व्हायची. अशी चाळीस वर्षं गेल्यावर मुलीने, सनाने, मोठ्या प्रेमाने आईवडिलांना हे निवांत घर घेऊन दिलं, आणि भाभींचे डोळे मिटेनात. गोळ्या झाल्या, गरम दूध झालं, पीरबाबांचा ताईत झाला. तीन वर्षांत बाई निम्मी झाली. दुपारी माझ्याकडे यायची, मी मिक्सर लावला की सोफ्यावर पाच मिनिटांत घोरायला लागायची. त्या वर्षी आमच्या घरात वाटण फार झालं.

तेवढ्यात नारपोलीतली त्यांची जुनी खोली रिकामी झाली. खालचे लूम अजून चालू होते. मालक ओळखीचा. म्हणाला, रमजान लागेपर्यंत तुमच्यासाठी थांबतो, मग दुसऱ्याला देईन. हातात अडीच महिने होते, आणि इथलं घर विकल्याशिवाय तिथलं घेणं शक्य नव्हतं. सनाने सांगितलं, चांगला एजंट बघा, अब्बा, तुम्ही स्वतः विकायला बसू नका. तिला आपला बाप माहीत होता.

पहिला आला विपुल, कल्याणचा. चकचकीत बूट, दोन फोन. भिंतीभिंतीवर पिवळ्या रेघा बघून तो दारातच थबकला. कपाटामागची ओल, खिडकीची न बसणारी कडी, मोरीतली तडकलेली फरशी, एकूण एकवीस रेघा होत्या.

“काका, असं कुणी करतं का?” म्हणत त्याने खिशातला रुमाल काढून ओलीवरची रेघ पुसली. “रंगाचा एक हात मारू. गिऱ्हाईक काय भिंतीला नाक लावून बघतंय?”

खलीलभाईंनी त्याला चहा पाजला, बिस्किटं दिली, दारापर्यंत सोडलं आणि परत येऊन ती रेघ पुन्हा ओढली, जरा जाडच.

दुसरा नोमान. हा तर भाभींच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही. “खालू, घरच्या कामाला बाहेरचा माणूस कशाला?” म्हणत त्याने किल्ल्या घेतल्या आणि महिनाभर कुणाला आणलं नाही. आणलं ते एक तरुण जोडपं, कडेवर तान्हं पोर. मी नियम वाचून दाखवला. तर म्हणतो, “कमळाआंटी तो अपनीच है, कागदावर सासऱ्याचं नाव टाकू.” मी त्याला जे सुनावलं ते ऐकून ते पोरही रडायचं थांबलं. खलीलभाईंनी भाच्याला बिर्याणी खाऊ घालून, पाठीवर हात फिरवून किल्ल्या परत मागितल्या.

आता माझं पाप सांगते. चांगली एजंट मला ठाऊक होती. अंजूरची दिशा नावाची मुलगी, आमच्या बी विंगमधलं एक घर तिने सगळ्या कागदांसह नीट विकून दिलं होतं. तिचं कार्ड माझ्या खणात पडून होतं, आणि मी ते मुद्दाम काढत नव्हते. समोरचं दार उघडलं की भाभी दिसायची, ती दिसणार नाही हे मला सहन होत नव्हतं. विपुल गेला तेव्हा मी मनातून खूश झाले होते, नोमान गेला तेव्हाही.

मग एका दुपारी मिक्सर चालू असतानाच बिघडला. भाभी ताडकन उठून बसली. डोळे लाल झालेले. “फक्त थोडा वेळ चालव ना ग,” ती म्हणाली. मला स्वतःची लाज वाटली. मी खणातून कार्ड काढलं आणि खलीलभाईंच्या हातात ठेवलं. तेव्हा रमजानला एक महिना उरला होता.

दिशा रिक्षाने आली. खांद्याला पिशवी, पायात साधी चप्पल. तिने एकेक रेघ वाकून बघितली, वहीत उतरवून घेतली. खलीलभाई तिच्यामागून हात पाठीशी बांधून फिरत होते. मोरी, बाल्कनी, कपाट. सगळं झाल्यावर ती खुर्चीवर टेकली.

“काका, एक वांदा ऱ्हायलाय.”

खलीलभाईंचे कान लाल झाले. “काय राहिलं? कुठे राहिलं?”

“इतके दाखवलेत त्यातला एक पन घर सोडून जान्यासारखा न्हाय. कडी न बसली म्हनून कोन घर सोडतं? खरं कारन काय हाय ते सांगा.”

“पाणी जड आहे इथलं,” खलीलभाई म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं उत्तर. बायकोला शांततेत झोप लागत नाही म्हटलं तर लोक तिला वेडी म्हणतील, अशी त्यांना भीती होती. बेचाळीस वर्षं खोट न लपवलेला माणूस ही एक जिवापाड लपवून बसला होता.

स्वयंपाकघरातून भाभींचा आवाज आला. “पाण्याला काय झालंय? खोटं कशाला बोलता? मला इथं नींद येत नाही, बेटी. आवाजच नाही कसला.”

दिशा मात्र अजिबात हसली नाही. “आमच्या आक्काचा हाच वांदा हाय,” ती म्हणाली. “शेतात गोदामं झाली, बेडकं गेली. पावसाळ्यात ती अजून जागीच असते. मी तिला मोबाईलवर बेडकं लावून देते.”

भाभी बाहेर आल्या आणि पदर तोंडाला लावून पोटभर हसल्या. मग रडल्याही थोड्या. खलीलभाई खडू हातात घेऊन उभे. “पण याची रेघ मारू कुठे?” म्हणाले.

“मारू नका. मी गिऱ्हाईकाला पयलं हेच सांगनार,” दिशा म्हणाली. किल्ल्या तिला तिथेच मिळाल्या.

बारा दिवसांनी ती सावळाराम नावाच्या माणसाला घेऊन आली. साठीचे गृहस्थ, जन्मभर लूमची दुरुस्ती केलेले, आता कुठलाच आवाज नको म्हणणारे. ते खोलीच्या मध्यभागी उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. पाच मिनिटं ते कान देऊन ऐकत राहिले. मग म्हणाले, “घेतलं.”

खलीलभाई भडकले. “असं कसं घेतलं? खोटी बघा आधी!” आणि हाताला धरून त्यांनी त्या बिचाऱ्याला एकवीसच्या एकवीस रेघा दाखवल्या. मी ना हरकत पत्र त्याच संध्याकाळी सही करून दिलं. सही करताना हात जड झाला होता, हे लपवत नाही.

रमजानच्या चार दिवस आधी ते गेले. ईदच्या दुसऱ्या दिवशी मी शीरखुर्मा खायला नारपोलीत गेले. जिना चढताना लूमच्या खटखटीने माझे दात वाजत होते. दार उघडं होतं. मी नेहमीच्या आवाजात, म्हणजे खिडकीवरच्या आवाजात, ओरडले, “अहो भाभी, आहात का?”

खलीलभाई धावत बाहेर आले. खालचे सगळे लूम धडधडत होते, जमीन हलत होती, मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले, “हळू बोला, कमळाताई. आत्ताच डोळा लागलाय तिचा.”