टीएलसीवरचा दुसरा ठिपका

ऑगस्ट १९८४, सोमवार सकाळ. वसई पूर्वेच्या आमच्या कारखान्याची लॅब. हजर: मालक पारेखशेठ, प्रॉडक्शनचे नाईक, ऑपरेटर मिनीन आणि मी, क्वालिटी कंट्रोलची केमिस्ट. टेबलावर काचेची एक प्लेट. तिच्यावर एक ठिपका जास्त.

ही टीएलसीची प्लेट. काचेवर सिलिकाचा पातळ थर असतो. खालच्या कडेला नमुन्याचा थेंब लावायचा आणि प्लेट सॉल्व्हंटमध्ये उभी करायची. सॉल्व्हंट वर चढतो, मिश्रणातले पदार्थ कमीजास्त वेगाने सोबत नेतो, आणि ते वेगळे होतात. मग आयोडीनच्या वाफेत तपकिरी ठिपके उमटतात. शुद्ध मालाचा ठिपका एकच. आमचा माल औषध कंपनीत जायचा. दोन ठिपके म्हणजे बॅच रिजेक्ट.

“मिनीनने माल नीट धुतला नाही,” नाईक म्हणाले.

“पुरं पानी दिलं, साहेब. दोनदा धुतला.”

“मग ठिपका काय अर्नाळ्याहून पोहत आला?”

शेठनी घड्याळ पाहिलं. “मॅडम, ट्रक गेटवर उभा आहे. बॅच खराब निघाली तर याला आजच घरी पाठवतो.”

मिनीन पाचूबंदरचा कोळी. होडी विकून नोकरीला लागलेला, घरात तीन मुलं.

“जेवणापर्यंत वेळ द्या,” मी म्हटलं.

आधी ताजा सॉल्व्हंट घेतला. ठिपका तसाच. नुसत्या सॉल्व्हंटची प्लेट केली, ती स्वच्छ. मग मी स्वतः ड्रममधून माल काढला, धुतलेल्या बीकरमध्ये आणला. एकच ठिपका! म्हणजे घाण मालात नव्हती, वाटेत मिसळत होती. प्लांटवरून नमुना ज्या बाटलीतून लॅबमध्ये यायचा, ती रिकामी बाटली मागवली, थोड्या सॉल्व्हंटने खळबळली, तो थेंब लावला. दुसरा ठिपका नेमका त्याच उंचीवर.

बाटलीचं काचेचं बूच बोटाला बुळबुळीत लागलं.

“मिनीन, याला काय लावलंय?”

“गोडं तेल, बाई. कॅन्टीनमधलं. पावसाळ्यात बुचं अडकतात, ठोकलं की फुटतात. होडीवर आमी सगळ्यालाच लावायचो.”

नाईक खिडकीबाहेर बघू लागले. शेठ पहिल्यांदा हसले. “अरे, माल तळायचाय काय?”

बॅच पास झाली. मी सही केली, ट्रक सुटला. मिनीनची नोकरी राहिली. बुचांना तेल लावणं त्याच दिवशी बंद.

तो दारापर्यंत गेला आणि थांबला.

“बाई, मग ड्रायरच्या वॉल्व्हला पन नको ना लावू?”

“वॉल्व्हला लावलंस?”

“या बॅचला नाय. आदी लावायचो.”

ड्रायरमधून माल त्याच वॉल्व्हने ड्रममध्ये उतरतो, आणि तपासणीचा नमुना त्याआधीच ड्रायरमधून काढलेला असतो. शेठचं हसू गेलं. तेव्हापासून माझा नियम एकच: कारण सापडलं तरी आणखी एक प्रश्न विचारायचा.

जुन्या बॅचेसचे ड्रममधून काढून राखून ठेवलेले नमुने कपाटात होते. माल केव्हाच गिऱ्हाइकांकडे पोचला होता. मी किल्ली घेतली. सगळे तपासायचे होते.