वेदीवरच्या पितळेसाठी चिंच

चिंच भिजत घातली की मला अमेरिकेतल्या एडिसनजवळच्या आमच्या एपिस्कोपल चर्चची मागची खोली आठवते. दोन हजार चारच्या सुमारास मी लग्न होऊन नगरहून तिथे आले होते. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून वेदीची तयारी करणाऱ्या बायकांच्या गटात नाव दिलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही पाचजणी पितळेचा मोठा क्रूस घासत होतो, पण खाचांमधला काळेपणा पॉलिशला दाद देत नव्हता. गटाची प्रमुख ऐंशीच्या घरातली, कडक शिस्तीची बाई. तिच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र राहवलं नाही, घरी जाऊन चिंच आणि मीठ घेऊन आले. "हे पॉलिश आहे?" तिने संशयाने विचारलं. "नाही, आम्ही आमटीत घालतो," मी म्हणाले, आणि वाटलं, आता संपलंच. धीर करून क्रूसाच्या बुडाशी चोळलं, तर पितळ लख्ख झालं. ती वाकून बघत राहिली, मग वाटीतल्या चिंचेचं एक बोटूक उचलून तिने सरळ तोंडात टाकलं. डोळे गच्च मिटले, गाल आत गेले, जिभेचा टॉक् असा आवाज आला. "अजून आहे?" तिने विचारलं. त्या दुपारी निम्मी चिंच क्रूसाला लागली, निम्मी आमच्या पोटात गेली. ती आता नाही, प्रमुख मी आहे. पण कपाटातल्या चिंचेच्या बरणीवर तिच्या नीटस अक्षरातली चिठ्ठी अजून आहे, ‘पितळेसाठी आहे, खाऊ नये.’ दर ईस्टरला मी ती बरणी भरते, आणि घासायला बसायच्या आत ती अर्धी झालेली असते.