विचारलं तेवढंच

झपाटायला माणूस मेलेलंच असावं लागतं असं नाही. हॅनोव्हरमधली ती वेट्रेस माझ्या माहितीप्रमाणे जिवंत आहे, आणि तरीही माझी पाठ सोडत नाही.

पीएचडीच्या काळात मी बारमधल्या धुराची मोजमापं घेत होते. घराजवळच्या एका जुन्या क्नायपेत, म्हणजे गल्लीतल्या साध्या बारमध्ये, संध्याकाळी मशीन लावून बसायचे. मालकाला हा उद्योग मुळीच आवडत नव्हता. ती वेट्रेस मध्ये पडली, म्हणून त्याने बसू दिलं. तिला दमा होता. पन्नाशी उलटल्यावर दुसरीकडे कोण ठेवणार, म्हणून पंप एप्रनच्या खिशात घालून ती बिअर वाहायची. "लांडटागमध्ये जाशील तेव्हा माझं सांग," एवढंच तिने मागितलं. "नक्की," मी म्हटलं.

तेव्हा राज्याच्या विधिमंडळात, त्या लांडटागमध्ये, धूम्रपानबंदीच्या कायद्यावर खल चालला होता. आमच्या प्राध्यापकांना समितीपुढे बोलावणं आलं आणि मोजमापं माझी म्हणून त्यांनी मलाही नेलं. तिच्याबद्दलची चार वाक्यं मी जर्मनमध्ये घोकून ठेवली होती.

एका आमदार आजोबांनी चष्मा काढून मायेने विचारलं, की धूम्रपानाला वेगळी बंद खोली दिली तर बाहेरच्या गिऱ्हाइकांना त्रास होणार नाही ना?

आम्ही तोंडी परीक्षांवर वाढलेली माणसं. विचारलं तेवढंच बोलायचं, जास्त बोललं की परीक्षक त्यातूनच पुढचा प्रश्न काढतो, हे पुण्याच्या कॉलेजात हाडात भिनलेलं. त्यात समोर वडीलधारा माणूस. मी म्हटलं, "दार नीट बंद होत असेल, तर नाही."

उत्तर अचूक होतं. त्या खोलीत ट्रे घेऊन कोण जाणार, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही; तिच्याबद्दलची ती चार वाक्यंही बोलायची राहिली. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत त्यांनी टिपून घेतलं. बाहेर आल्यावर प्राध्यापकांनी पाठ थोपटली आणि मी आनंदाने घरी पुण्याला फोन केला. त्या फोनची मला आजही शरम वाटते.

कायदा झाला, वेगळ्या खोलीची सूट ठेवून. माझ्या एका उत्तराने कायदे ठरत नाहीत, हे कळतं. पटत मात्र नाही.

बरेच आठवडे मी तो रस्ता टाळला. एका दुपारी धीर करून गेले. पुढची खोली स्वच्छ होती, एक बाई बाळाला सूप भरवत होती. तिथे वाढायला नवी तरुण मुलगी होती. मागच्या खोलीला काचेचं दार बसलं होतं आणि आतलं सगळं पांढुरकं दिसत होतं. माझी वेट्रेस तिथून रिकामे ग्लास घेऊन बाहेर आली आणि भिंतीला टेकून श्वास घेत राहिली. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"तिथे माझं सांगितलंस ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

तिने माझा हात दाबला. "कोणीतरी सांगितलं, बरं झालं," म्हणाली, आणि भरलेला ट्रे उचलून परत आत गेली.