लशीचा अकरावा दिवस

“अप्लास्टिक अ‍ॅनिमिया,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि कागदावर हाडाचं चित्र काढू लागल्या. हाडाच्या आत बोन मॅरो असतो, म्हणजे अस्थिमज्जा, हाडातला मगज. रक्त तिथे तयार होतं. माझ्या मगजाने ते काम जवळजवळ थांबवलं होतं. चव्वेचाळीस वर्षं माझ्या हाडांत गुपचूप रक्त बनत होतं आणि मला पत्ताच नव्हता! भीती त्यानंतर वाटली.

दोन महिने पायांवर निळे डाग उठत होते, जिना चढताना दम लागत होता. मी दुर्लक्ष केलं. तुम्ही करू नका.

औषधं लागू पडायला काही महिने लागणार होते. तोवर दुसऱ्यांच्या रक्तावर जगायचं. माझा गट बी निगेटिव्ह, सहजी न मिळणारा. आणि ते कोविडच्या लशीचे दिवस.

घरात तोच गट माझ्या विठ्ठलवाडीच्या भावाचा. तो फोनवर म्हणाला, “ताई, महिन्यापूर्वी लस घेतलीय गं मी. लसवाल्याचं रक्त बाधतं म्हणे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलंय. माझ्यामुळे तुला काही झालं तर?” तो रडत होता. त्याच्यावर रागावता येईना.

कोलशेतची हिरामावशी बारा वर्षं आमच्या दारात मासे घेऊन येते. नवऱ्याने तिला सांगितलं, आज नको मावशी, हिला अ‍ॅडमिट केलंय, रक्त मिळत नाहीये. तिने गट विचारला. तिचाही तोच निघाला. बाळंतपणात कळलेला तिच्या लक्षात होता. पाटी घरी ठेवून ती हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत आली.

अफवा तिनेही ऐकली होती. फक्त तिने ती तिथल्या डॉक्टरांनाच विचारली. “लस घेतलीय मी. माजं रगत तिला बाधंल काय? नीट सांगा.”

“नाही बाधणार,” डॉक्टर म्हणाले. “आणि रक्त दिल्याने तुमच्या लशीचा असरही जात नाही. फक्त डोसनंतर चौदा दिवस थांबायचं. किती झाले?”

“अकरा.”

तिला परत पाठवलं. माझं हिमोग्लोबिन पाचावर होतं. उठून बसलं तरी डोळ्यांपुढे काळोख यायचा. नवरा घोडबंदर रोडवरच्या ब्लड बँका पालथ्या घालत होता. कुठेच मिळालं नाही. ते दिवस मी छताकडे बघत काढले.

चौदा दिवस भरल्यावर दुसऱ्याच सकाळी हिरामावशी हजर. वजन, हिमोग्लोबिन, सगळं ठीक. रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती पिशवी माझ्या डोक्याशी लटकली. थेंब नळीतून उतरताना मी बघत राहिले. संध्याकाळी नखांवर गुलाबी झाक आली. मी हात उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिला. दुसऱ्या बाईच्या हाडांत तयार झालेलं रक्त माझ्या हृदयाने विनातक्रार आपलं म्हणून घेतलं होतं.

डॉक्टरबाईंनी भावाला समजावलं. त्याचे चौदा दिवस कधीच उलटले होते. आठवड्याने तोही रक्त देऊन गेला.

सहा महिन्यांनी रिपोर्ट आला, माझा मगज पुन्हा कामाला लागला होता. शेवटची पिशवी चढवून चार महिने उलटले होते. बाहेरून घेतलेल्या तांबड्या पेशी तीन-चार महिन्यांत संपतात, म्हणजे आता अंगातलं सगळं रक्त माझंच. हे मी हिरामावशीला सांगितलं आणि मला रडू आलं.

ती म्हणाली, “रडते कशाला? संपायलाच दिलं होतं ते.”