जर्मनचा पेला

"साहेब, लोखंडाचा ब्रश स्टीलला शिवू द्यायचा नाही. स्टील बाटतं." सावंत फोरमन पाहुण्यांना समजावत होता. मग भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवून हसला. "आमच्याकडे तर पेलेसुद्धा वेगळे आहेत. तो तिकडे टांगलाय ना, तो ह्याचा."

ह्याचा म्हणजे माझा.

मी पाइपाखाली उताणा पडून जोड मारत होतो. पाहुणे दुधाच्या कारखान्यातले. त्यांच्याच पाइपलाइनचं काम चालू होतं, ते बघायला आले होते. शेठ त्यांच्या मागे हात जोडून उभा. सगळे हसले. मी वेल्डिंगची काच तोंडावर ओढून घेतली. काचेमागे माणसाचं तोंड कसं झालंय ते कुणाला दिसत नाही.

ऐंशीनंतरची गोष्ट आहे ही. खेड्यातली नाही, अंधेरी पूर्वेची. पत्र्याची शेड, बाहेर डांबरी रस्ता, समोर उडप्याचं हॉटेल. त्या हॉटेलात मी कुणाच्याही शेजारी बसून चहा प्यायचो. शेडमध्ये यायचो आणि पुन्हा गावात पोचायचो.

लोखंडाचं म्हणणं मात्र खरं होतं. लोखंडाचा कण स्टीलला चिकटला की तिथे गंज धरतो. म्हणून ब्रश वेगळे, ग्राइंडरची चाकं वेगळी. पहिल्याच दिवशी सावंतने मला हे शिकवलं. त्याच दिवशी आडनाव विचारलं, गाव विचारलं. गाव त्याच्याच तालुक्यातलं निघालं. झालं. दुसऱ्या दिवशी खिळ्यावर जर्मनचा पेला आला. ॲल्युमिनियमला आम्ही जर्मन म्हणतो. अख्खी शेड स्टीलने भरलेली, माठावरचा पेला स्टीलचा, आणि माझा तेवढा जर्मनचा.

सावंत वाईट माणूस नव्हता, असं सगळे म्हणायचे. मला त्याने कधी शिवी दिली नाही. पाणी नेहमी स्वतः ओतायचा, वरून, धार धरून. त्या धारेला आम्ही दोघंही इतके सरावलो होतो की थेंब सांडत नसे.

त्या वेळचे पाइप ट्रकमध्ये कशाखाली तरी चेपून आले होते. गोल तोंडाचं लांबट झालेलं. दोन लांबट तोंडं समोरासमोर आली की एकीकडे मिळतात, दुसरीकडे पायरी राहते. आत पायरी राहिली तर दूध तिथे अडकतं, नासतं. मग पाइप फिरवायचा, उंचवट्यासमोर उंचवटा आणायचा, शिकंजा आवळायचा, लाकडी हातोडीने ठोकत ठोकत तोंड गोल करायचं. जुळलं की वेल्डिंगचे टाके मारायचे आणि मग पूर्ण जोड. शेवटी आत बोट घालून बघायचं. माझं बोट आधी. नंतर सावंतचं, त्याच जागी.

तेव्हा त्याला काही वाटत नसे. माझा हात ज्या पाइपातून फिरला त्याच पाइपातून उद्या दूध जाणार होतं, त्याच्या घरीसुद्धा. हात चालत होता. ओठ चालत नव्हते. ह्याचा मला संताप येत होता. बरीच वर्षं येत होता आणि बरीच वर्षं मी तो पाण्याबरोबर गिळत होतो.

जोड संपवून मी पाइपाखालून बाहेर आलो. पाहुण्यांतला एक साहेब अजून खिळ्याकडेच बघत होता. त्याला खरं वाटत नसावं. सावंतच्या ते लक्षात आलं. त्याने पेला काढून माझ्या हातात दिला, तांब्या वर धरला.

"पी रे पाणी. दमलास."

मला तहान लागली होती. फार लागली होती. पण सावंतला माझी तहान भागवायची नव्हती. पाहुण्यांना दाखवायचं होतं, मी कशात पितो ते.

मी पेला घेतला आणि टेबलाकडे गेलो. टेबलावरच्या व्हाइसच्या, म्हणजे पाइप आवळून धरायच्या पकडीच्या, जबड्यात पेला धरला आणि तो चपटा होईपर्यंत दांडा फिरवला. जर्मन मऊ असतं. आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

सावंत तांब्या धरून तसाच उभा. राग आला की तो मालवणीवर यायचा. "तुका काय कमी केलंय मी? आता पाणी कशात पितलंस?"

"तुम्ही पिता त्यात, काका."

मी माठाकडे वळलो. सावंतने माझ्याआधी जाऊन स्टीलचा पेला उचलला आणि छातीशी धरला. लहान मूल खेळणं धरतं तसा. पाहुणे घड्याळ बघायला लागले. शेठ एवढंच म्हणाला, "एक गिलास के लिए क्या तमाशा है, भाई? काम करो."

मी काम केलं. कोरड्या घशाने.

ग्राइंडरवाला बाळा माझा दोस्त. सुटल्यावर तो म्हणाला, "तू पण ना यार. पाणी मिळत होतं ना? कशाला स्वतःची वाट लावून घेतोस?" बाळा माठावरच्याच पेल्याने पाणी प्यायचा.

सकाळी आलो तर खिळ्यावर नवा पेला. जर्मनचाच. मला कामावरून काढलं नाही. चेपलेले पाइप अजून बरेच पडले होते, तोवर मी त्यांना हवा होतो. मी तोही पेला काढला, जबड्यात धरला, चेपला. परत नवा आला. तोही गेला. पाणी मी समोरच्या हॉटेलात जाऊन प्यायचो. जाण्यायेण्याच्या वेळेवरून सावंत तक्रार करायचा. काम संपलं तसं शेठने मला बोलावून सांगितलं की आता नको येऊस. माझ्या बाजूने कुणी उठलं नाही. बाळाही नाही. दूध मात्र त्या लाइनमधून वाहायला लागलं असणार.

त्यानंतर मी घाटकोपरला काम केलं, मुलुंडला केलं, दहिसरच्या नाक्यापाशी केलं. कुठे खिळा असतो, कुठे खिडकीची कड, कुठे नुसता कोपरा. पेला असतोच. हे बदलेल असं मला वाटत नाही. माझ्या हयातीत तर नाहीच. लोकांना वाटतं पेले चेपून मी काही मिळवतो. काही मिळत नाही. काम जातं.

तरीही नव्या शेडमध्ये पाऊल टाकलं की मी आधी भिंती बघून घेतो, पेला कुठे टांगलाय ते. मग व्हाइस कुठे आहे ते बघतो.