गुरुलिंगला एक चोरी हवी होती

सोलापुरातले लोकरीचे व्यापारी वीरभद्रप्पा यांचा थोरला मुलगा गुरुलिंग तसा नाकासमोर चालणारा. पण चोरी-मारामारीचं नुसतं नाव काढलं की स्वारीचे डोळे चमकायचे. शाळा चुकवून तो कोर्टाच्या आवारात जाऊन बसायचा आणि रात्री जेवताना कुणाला किती शिक्षा झाली ते रंगवून सांगायचा. त्याची आई सावित्रम्मा म्हणायची, पोरगं एक तर जज्ज होईल नाही तर जेलात जाईल. बी.ए. झाल्यावर हा पठ्ठ्या मुंबईच्या युनिव्हर्सिटीत समाजशास्त्राच्या एम.ए.ला गेला. तिथं प्रबंध लिहायचा होता, आणि विषय काय घेतला? धनगरांचा गुन्हा आणि धनगरांचा न्याय! वीरभद्रप्पांनी एवढंच बजावलं, की दिवाळीपर्यंत प्रबंध पुरा झाला नाही तर मुकाट्यानं दुकानात बसून लोकर तोलायची.

झालं, गुरुलिंग सांगोल्याकडच्या एका धनगरवाडीत येऊन राहिला. वीरभद्रप्पा तिथूनच लोकर घ्यायचे, त्यामुळं वाडी ओळखीची. जातीच्या पंचांत थोरले होते आण्णा. त्यांनी आपल्या छपरात त्याची खाट टाकली. पंच कसे बसतात, दंड कुणाला कसा होतो, सगळं म्हाताऱ्यांनी हौसेनं सांगितलं. गुरुलिंगनं दोन प्रकरणं लिहून मुंबईला धाडली, तर प्रोफेसरांनी कळवलं, ही सगळी ऐकीव माहिती. एक तरी खटला स्वतःच्या डोळ्यांनी बघा, त्याशिवाय प्रबंध उभा राहायचा नाही.

आणि नेमकं त्याच साली वाडीत कुणी काही करीना! आषाढ सरला, श्रावण सरला. भाऊ भावाशी गोड, सुना सासवांशी गोड. गुरुलिंग दारोदार जाऊन आशेनं विचारायचा, काही हरवलंय का, कुणी काही उचललंय का? एकदा शेजारच्या केराबाईची कोंबडी गेली असं कळलं, तर हा जेवण टाकून पळाला. कोंबडी डालग्याखालीच निघाली. त्याचं तोंड एवढंसं झालेलं बघून केराबाईलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथंच वाडीला पाझर फुटला. घरात पाहुणा आहे, त्याला एक वस्तू पाहिजे आणि वाडीला ती देता येऊ नये? म्हाताऱ्यांनी डोकी एकत्र केली. खोटा खटला उभा करायची सोय नव्हती, कारण पंचांसमोर बिरोबाचा भंडारा हातात घेतला की खोटं बोलता येत नाही. म्हणजे चोरी खरीच व्हायला पाहिजे, आणि ज्याची व्हायची त्याला पत्ता नको. पण गोष्ट तोवर अख्ख्या वाडीला कळली होती. पत्ता नसलेला माणूस उरला एकच, तो म्हणजे खुद्द गुरुलिंग. कामगिरी येडू नावाच्या एका गरीब धनगरावर आली. बिचाऱ्यानं जन्मात दुसऱ्याच्या चंचीतली तंबाखूसुद्धा न विचारता घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुलिंग डुलकी काढून उठला, तर बूट गायब. त्यानं खाटेखाली पाहिलं, छपरामागं पाहिलं, आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. माझी चोरी झाली! अहाहा! टोपी उडवीत तो अनवाणी धावत सुटला. बाभळीचा काटा मोडला तरी शुद्ध नाही. आण्णांना मिठी मारली, केराबाईच्या पाया पडला, देवळापुढं गिरक्या घेतल्या. वाडी कौतुकानं बघत राहिली. आणि येडू आपल्या दारात बूट छातीशी धरून, कधी एकदा धरतात म्हणून घाम पुसत उभा होता.

बिरोबाच्या देवळापुढं पंच बसले. गुरुलिंग पेन्सिल घेऊन सरसावला. येडूनं भंडारा उचलून खरं ते सांगितलं, की बूट मीच नेले. मग आण्णा म्हणाले, आता फिर्यादीनंही भंडारा उचलायचा. गुरुलिंगनं पेन्सिल खाली ठेवली.

"पायतान गेल्यालं कळलं तवा तुला काय वाटलं?" आण्णांनी विचारलं.

गुरुलिंग अडकला. दुःख झालं एवढं म्हटलं की काम फत्ते. येडूला दंड होणार, खटला पुरा होणार, एम.ए. खिशात. पण तळहातावर ती पिवळीजर्द चिमूट, आणि समोर येडूचा रडवेला चेहरा. त्याच्यानं ते बोलवेना.

"आनंद झाला," तो म्हणाला.

"लई?"

"लई."

पंच कुजबुजले आणि निकाल लागला. येडू सुटला. दारोदार फिरून चोरी व्हावी म्हणून जो मागणं मागत होता, गुन्हा त्याचा. त्यानं वाडीला जेवण घालावं. गुरुलिंग ताडकन उठला. मी लिंगायत, तुमच्या जातीचे पंच मला दंड कसा करतील? पंच फक्त आपल्याच माणसाला दंड करतात, हे तुम्हीच मला सांगितलंय, मी लिहूनसुद्धा पाठवलंय!

"बरुबर लिवलंयस की," आण्णा म्हणाले. "परक्याला आमी कंदीच दंड करत न्हाय."

गुरुलिंगनं डोळे पुसले, आणि पुसता पुसता त्याला हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना.

दंड लिंगायताच्या घरचा, तेव्हा बोकड नव्हता. हुग्गी होती, गव्हाची गूळ घालून केलेली खीर. सावित्रम्मा स्वतः येऊन चुलीपाशी बसली. गुन्हेगार कोण ते कळल्यावर तिनं उलथनं उगारलं, पण वाढलं पोटभर. वीरभद्रप्पांनी तर दोनदा मागून घेतली.

दिवाळीच्या आत प्रबंध मुंबईला पोचला. तोंडी परीक्षेत साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, सगळं उत्तम आहे, पण आरोपीच्या मनातलं इतकं बारीकसारीक तुम्हाला कसं कळलं? तो खोटं बोलला नसेल कशावरून?

गुरुलिंगनं कोट सारखा केला.

"नाही बोलला, साहेब. आरोपी मीच होतो."